शिंपल्यातला प्रकाश आणि सर सी. व्ही. रामन

आधीच कबूल करते की माझं मराठी बेताचंच आहे. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले; मराठी फक्त पेणला घरी आणि सुट्टीत रोह्याला आजोळी. म्हणून मासिकासाठी मराठीत लिहितेस का, असं विचारल्यावर मी आधी टाळलंच होतं. पण या सेमिस्टरला एक माणूस डोक्यात असा काही ठाण मांडून बसलाय की त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय सुटका नाही. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

तो माणूस म्हणजे सर चंद्रशेखर वेंकट रामन. आता तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? शाळेत दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपण चार्टपेपरवर त्यांचा फेट्यातला फोटो चिकटवलाय, प्रश्नमंजूषेत भाग घेतलाय, नंतर समोसे खाल्लेत. माझीही ओळख एवढीच होती. मग थर्ड इयरच्या सेमिनारला मला विषय मिळाला: ग्राफीनमधलं प्रकाशाचं शोषण वाढवणं आणि ते आपल्या ताब्यात ठेवणं. ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकच थर, पेन्सिलीच्या शिशातलं जे ग्रॅफाइट असतं त्याचं एक पान. मँचेस्टरच्या गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये ते चक्क चिकटपट्टीने सोलून काढलं आणि २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पहिल्या प्रेझेंटेशनला आमच्या गाइड सरांनी एकच प्रश्न विचारला. एका अणूइतकं जाड पान डोळ्यांना दिसत नाही, तर समोर आहे ते ग्राफीनच, हे लोक कशावरून ठरवतात? उत्तर माझ्याच स्लाइडवर होतं, रामन स्पेक्ट्रम. पण त्याचा अर्थ मला सांगता येईना. पाठ केलेलं वाक्य अर्ध्यावर अडकलं आणि मी खाली बसले.

त्या रागातच दिवाळीच्या सुट्टीत रामन यांचं चरित्र वाचायला घेतलं. दिवा-रोहा गाडीत पेणला बसले की कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. या प्रवासात सुरुवातीची दोन प्रकरणं झाली, बाकीचं आजीच्या ओटीवर.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीजवळच्या तिरुवानैकावल येथे झाला. वडील शिक्षक. पुढे ते विशाखापट्टणमच्या कॉलेजात गणित आणि फिजिक्स शिकवू लागले, त्यामुळे मुलाचं लहानपण समुद्राकाठी आणि पुस्तकांत गेलं. हा मुलगा अकराव्या वर्षी मॅट्रिक झाला! चौदा वर्षांचा असताना मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाला आणि १९०४ मध्ये बी.ए.ला पहिला आला, फिजिक्सचं सुवर्णपदक घेऊन. प्राध्यापकांना वाटे की याला इंग्लंडला पाठवावं. पण सिव्हिल सर्जनने तपासून निकाल दिला की एवढ्या किडकिडीत मुलाला तिथली थंडी सोसणार नाही. झालं, इंग्लंड राहिलं. मग हा मुलगा कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्याच उपकरणांशी खेळत बसला, आणि वयाच्या अठराव्या वर्षी, नोव्हेंबर १९०६ मध्ये, त्याचा पहिला शोधनिबंध लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये छापून आला. विषय, आयताकृती छिद्रातून तिरका प्रकाश गेल्यावर पडणारे पट्टे. अठराव्या वर्षी मी सीईटीचे क्लास करत होते, असो.

तेव्हा भारतात सायंटिस्ट म्हणून पोट भरण्याची सोय जवळपास नव्हती. हुशार मुलाने सरकारी परीक्षा द्यायची, हा सरळ मार्ग. रामन यांनी १९०७ मध्ये वित्त खात्याची परीक्षा दिली आणि तिथेही पहिले आले. त्याच वर्षी लोकसुंदरी यांच्याशी लग्न झालं आणि दोघं कलकत्त्याला गेले. अठरा वर्षांचे साहेब, पद असिस्टंट अकाउंटंट जनरल!

हा भाग वाचून दाखवला तेव्हा मामा लगेच चिंतामणराव देशमुखांवर आले. रोह्यात दुसरं होणारच नाही. चिंतामणराव रोह्याचे, १९१८ मध्ये आय.सी.एस.ला पहिले आले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढे देशाचे अर्थमंत्री. मामांचं म्हणणं असं की पहिला आलेला मुलगा अर्थखात्यात टिकला की काय होतं ते बघ. बाबांचंही तेच असतं, फक्त ते चिंतामणरावांऐवजी बँकेच्या परीक्षेचं पुस्तक पुढे करतात. मला मात्र उलटीच उत्सुकता लागली की टिकणार असलेली नोकरी रामन यांनी सोडली ती का.

त्याचं मूळ ट्राममध्ये आहे. ऑफिसला जाता-येता त्यांना बहूबाजार रस्त्यावर २१० नंबरच्या इमारतीवर एक पाटी दिसली, इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. महेंद्रलाल सरकार या डॉक्टरांनी ही संस्था १८७६ मध्ये काढली होती, भारतीयांनी स्वतः संशोधन करावं म्हणून. पण करणारं कोणी फारसं मिळालंच नव्हतं. उपकरणं होती आणि माणसं नव्हती. रामन ट्राममधून उतरले आणि आत गेले. त्यानंतर दहा वर्षं दिनक्रम असा की पहाटे प्रयोगशाळा, मग घरी येऊन जेवण, ऑफिस, आणि संध्याकाळी ऑफिसातून थेट पुन्हा प्रयोगशाळा. मधे १९०९ मध्ये रंगूनला आणि मग आपल्या नागपूरला बदली झाली, ती १९११ पर्यंत. कलकत्त्यात त्यांनी व्हायोलिन, वीणा, मृदंग, तबला यांच्या कंपनांवर काम केलं. मृदंग आणि तबल्याच्या मध्यभागी शाई लावल्याने त्याचे स्वर सुरात कसे बसतात हे त्यांनी दाखवलं. आमच्या हॉस्टेलच्या गॅदरिंगला तबला वाजवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

१९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या आशुतोष मुखर्जींनी त्यांना पालित प्राध्यापकपद देऊ केलं. पगार सरकारी नोकरीपेक्षा बराच कमी. शिवाय त्या पदाला एक अट होती की परदेशात प्रशिक्षण घेऊन यावं. रामन यांनी ठाम नकार दिला. मग अटच बदलावी लागली, आणि नोकरी सोडून ते पूर्णवेळ फिजिक्सचे झाले.

परदेश बघायचा योग आला १९२१ मध्ये. ऑक्सफर्डला विद्यापीठांची परिषद होती. परत येताना ते नारकुंडा नावाच्या बोटीवर होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग त्यांनी पाहिला आणि तिथेच अडकले. त्या काळी लॉर्ड रॅले यांचं मत सगळ्यांना मान्य होतं: समुद्राचा निळेपणा म्हणजे पाण्यात पडलेलं आकाशाचं प्रतिबिंब. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम होता. विशिष्ट कोनातून त्यातून पाहिलं की पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश गाळून टाकता येतो. प्रतिबिंब असं पुसून टाकलं तरी समुद्र निळाच, उलट जास्तच निळा! म्हणजे रंग पाण्याच्या आतून येतो, पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात. त्यांनी बोटीवरच नेचर नियतकालिकासाठी टिपण लिहिलं. त्यावर तारीख आहे २६ सप्टेंबर १९२१ आणि पत्ता आहे नारकुंडा बोट, बॉम्बे हार्बर.

हा पत्ता वाचून मला केवढं भारी वाटलं! बॉम्बे हार्बर म्हणजे रेवस-मांडव्याच्या समोरचंच पाणी. लाँचने भाऊच्या धक्क्यावर जाताना आपण जे मातकट पाणी बघतो तेच. (ते निळं का नाही, याचं उत्तर सोपं आहे. गाळाचे कण रेणूंपेक्षा खूप मोठे असतात आणि सगळ्याच रंगांचा प्रकाश विखुरतात.)

कलकत्त्याला परतल्यावर सात वर्षं हाच ध्यास. विद्यार्थ्यांना द्रव, वायू, बर्फ, काच सगळ्यांतून प्रकाश पाठवायला लावलं. विखुरलेल्या प्रकाशात एक अगदी फिका, वेगळ्या रंगाचा अंश सारखा दिसत होता. आधी वाटलं द्रवातली अशुद्धी असेल. पण पुन्हा पुन्हा शुद्ध करूनही तो जाईना. के. एस. कृष्णन यांनी १९२८ च्या सुरुवातीला कितीतरी द्रवांवर हे तपासलं. सात इंची दुर्बिणीच्या भिंगाने सूर्यप्रकाश एकवटून, पुढे फिल्टर लावून, डोळ्यांनी बघत. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी सूर्याऐवजी पाऱ्याचा दिवा लावला आणि स्पेक्ट्रोस्कोपमधून पाहिलं, तर दिव्याच्या मूळ रेषेशेजारी नवीन रेषा स्वच्छ दिसल्या. दुसऱ्या दिवशी बातमी वर्तमानपत्रांना दिली. रामन यांची ही घाई काहींना आवडली नव्हती. पण मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम यांना त्याच महिन्यात क्वार्ट्झमध्ये हाच परिणाम दिसला होता. रामन यांनी आपलं आधी छापलं, आणि १९३० चं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं. नाव जाहीर होण्याआधीच त्यांनी स्टॉकहोमसाठी बोटीची तिकिटं काढून ठेवली होती म्हणतात! कृष्णन यांना त्यात वाटा मिळाला नाही, ही गोष्ट मला अजूनही खटकते.

आता माझ्या स्लाइडकडे येते. प्रकाश रेणूवर किंवा स्फटिकावर पडला की बहुतेक सगळा आहे त्याच रंगाचा परततो. पण दहा लाखांत किंवा कोटीत एखादा प्रकाशकण अणूंना हलवून जातो, त्यात थोडी ऊर्जा गमावतो आणि किंचित तांबडा होऊन येतो. किती ऊर्जा गेली ते मोजलं की अणू कशाशी कसे बांधलेले आहेत ते कळतं. हिऱ्याची रेषा १३३२ वर येते, ग्रॅफाइटची १५८० च्या आसपास (एकक आपलं नेहमीचंच, प्रति सेंटिमीटर). दोन्ही कार्बनच, पण बांधणी वेगळी. ग्राफीनला १५८० शिवाय २७०० च्या जवळ आणखी एक उंच, सडपातळ रेषा असते. पान एकेरी असेल तर ती पहिलीपेक्षा उंच आणि एकसंध दिसते, थर वाढले की रुंद आणि वेडीवाकडी होते. २००६ मध्ये हे नीट मांडलं गेलं आणि तेव्हापासून जगात कुठेही कोणी ग्राफीन बनवलं की आधी रामन घेतात. लॅबमध्ये बोलायची पद्धतच तशी आहे, रामन घेतलास का? गाइड सरांना हवं होतं ते उत्तर एवढंच होतं.

पण यात एक गंमत आहे, ती कुठल्याही चार्टपेपरवर नसते. १९४० च्या दशकात रामन यांचं मॅक्स बॉर्न यांच्याशी स्फटिकातल्या अणूंच्या कंपनांवरून जोरदार भांडण होतं. याच बॉर्न यांना त्यांनी १९३५ मध्ये मोठ्या प्रेमाने बंगलोरला बोलावलं होतं. रामन म्हणत, हिऱ्याला मोजक्याच ठरावीक कंपनसंख्या असतात. बॉर्न म्हणत, सलग पट्टा असतो. वाद मुख्यतः हिऱ्याच्या दुय्यम रेषांवर, म्हणजे एका प्रकाशकणाने दोन कंपनं उठवली की येणाऱ्या रेषांवर चालला. बॉर्न बरोबर निघाले. रामन यांनी ते शेवटपर्यंत मनापासून मान्य केलं नाही. आणि ग्राफीनची ती २७०० ची रेषा? ती दोन कंपनांचीच आहे, आणि तिचा अर्थ बॉर्न यांच्या पद्धतीनेच लावतात. उपकरणाला नाव रामन यांचं, त्याचं वाचन मात्र त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या नियमाने.

बंगलोरबद्दल सांगायचं राहिलं. १९३३ मध्ये रामन इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक झाले, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झालेली एक मराठी मुलगी तिथे प्रवेश मागायला गेली. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी. वडील आणि काका दोघंही त्याच संस्थेत शिकलेले. मार्क उत्तम. रामन यांनी प्रवेश नाकारला, कारण ती मुलगी होती. आमच्या लेडीज हॉस्टेलवर हे सांगितलं तेव्हा दोन मिनिटं कोणी बोललंच नाही, मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कमलाबाई परत गेल्या नाहीत. त्या थेट संचालकांसमोर जाऊन कारण विचारत राहिल्या. शेवटी रामन यांनी घेतलं, पण अटींवर: पहिलं वर्ष परीक्षेचं, काम पसंत पडलं तरच नोंद, आणि मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. वर्षभराचं काम बघून त्यांनी प्रवेश कायम केला आणि नंतर मुलींना संस्थेचं दार उघडलं. कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. त्या अपमानाबद्दल त्या म्हातारपणीही बोलत असत. मला वाटतं, त्यांनी बोलायलाच हवं होतं. रामन मोठे होते म्हणून ही गोष्ट लहान होत नाही.

संचालकपदही फार टिकलं नाही. कारभारावरून खटके उडाले आणि १९३७ मध्ये त्यांनी ते सोडलं. १९४८ पर्यंत तिथेच प्राध्यापक राहिले. मात्र माझ्या सेमिनारच्या दृष्टीने याच बंगलोरच्या वर्षांत खरा खजिना आहे.

१९३४-३५ च्या सुमारास रामन शिंपल्यांच्या मागे लागले. शिंपल्याची आतली बाजू इंद्रधनुष्यासारखी चमकते, ती कशामुळे? तो रंग काही कोणी फासलेला नसतो. शिंपला म्हणजे चुन्याच्या पापुद्र्यांची चळत, प्रत्येक पापुद्रा साधारण अर्ध्या मायक्रॉनचा किंवा त्याहून पातळ, मधे सेंद्रिय पदार्थाचा अगदी नाजूक थर. प्रत्येक थरावरून थोडा थोडा प्रकाश परततो. ज्या रंगाच्या लाटा एकमेकींच्या पावलात पाऊल टाकून येतात तो रंग झळकतो, बाकीचे एकमेकांना मारतात. त्यानंतर ते पक्ष्यांची पिसं, लॅब्रॅडोराइट, पोटॅशियम क्लोरेटचे चमकणारे स्फटिक, ओपल या सगळ्यांमागे पन्नाशीच्या दशकापर्यंत लागले होते. सगळ्यात एकच सूत्र, ठरावीक अंतराने रचलेले थर. आज आपण फोटॉनिक क्रिस्टल म्हणतो ते हेच! हा शब्द रामन यांच्या हयातीत नव्हता. त्या काळी क्वांटम आणि अणुकेंद्राची धामधूम चालू असताना नोबेल मिळवलेला माणूस शिंपले गोळा करतो, हे अनेकांना म्हातारपणाचं खूळ वाटलं असेल.

याच काळात, १९३५-३६ मध्ये, नागेंद्र नाथ यांच्याबरोबर त्यांनी आणखी एक काम केलं. द्रवातून अतिउच्च ध्वनी सोडला की दाट-विरळ असे थर तयार होतात आणि प्रकाश त्यावरून जाळीवरून फुटावा तसा फुटतो. ध्वनी बंद केला की थर गायब! म्हणजे स्विच असलेला शिंपला. आमच्या ऑप्टिकल कम्युनिकेशनच्या पुस्तकात रामन-नाथ डिफ्रॅक्शन म्हणून अर्ध पान आहे. गेल्या वर्षीच्या पेपरला ते आलं होतं आणि मी ऑप्शनला टाकलं होतं.

आता ग्राफीनचं दुखणं ऐका. एका पानात दृश्य प्रकाश पडला की त्यातला २.३ टक्के शोषला जातो. रंग कोणताही असो, आकडा तोच, पाय भागिले १३७. एका अणूच्या जाडीला हे खूपच झालं, पण लाइट डिटेक्टर बनवायचा म्हटलं तर ९७ टक्क्यांहून जास्त प्रकाश आरपार फुकट जातो. पानांवर पानं चढवली तर ते ग्रॅफाइट होतं आणि ग्राफीनचे खास गुण जातात. मग पानाला हात न लावता त्याच्या आजूबाजूची जागा बदलायची. इथे रामन यांचे थर उपयोगी पडतात.

सगळ्यात सोपी युक्ती आरशाची. पान थेट धातूच्या आरशाला चिकटवलं तर शोषण जवळपास शून्य, कारण आरशाच्या पृष्ठभागावर येणारी आणि जाणारी लाट एकमेकींना खोडून काढतात. तेच पान आरशापासून पाव तरंगलांबीवर धरलं तर तिथे दोन्ही लाटांची बेरीज होते, विद्युतक्षेत्र दुप्पट, ऊर्जा चौपट, आणि शोषण सुमारे ९ टक्के. पान तेच, अंतर फक्त बदललं! हिरव्या प्रकाशासाठी काचेसारख्या ऑक्साइडमध्ये हे अंतर साधारण ९० नॅनोमीटर येतं. सिलिकॉनवर ९० किंवा ३०० नॅनोमीटर ऑक्साइड असेल तर एका अणूचं पान साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतं, त्याचं कारण थरांमधला हाच खेळ. ऑक्साइडची जाडी भलतीच असती तर मँचेस्टरवाल्यांना ते दिसलंच नसतं.

पुढची पायरी म्हणजे पानाला दोन आरशांमधे ठेवायचं. हे आरसे धातूचे नाहीत, शिंपल्यासारखे आलटूनपालटून थरांचे. प्रकाश आत अडकतो, पुन्हा पुन्हा पानातून येतो-जातो, दर वेळी २.३ टक्क्यांच्या हिशोबाने थोडा थोडा संपतो. व्हिएन्नातल्या गटाने २०१२ मध्ये असा डिटेक्टर बनवून शोषण ६० टक्क्यांच्या वर नेलं. छिद्रांच्या जाळीवजा फोटॉनिक क्रिस्टलवर पान ठेवून पूर्ण १०० टक्के शोषण कसं मिळेल, हे २०१४ मध्ये कागदावर गणिताने दाखवलं गेलं. त्यासाठी अट अशी की प्रकाश ज्या वेगाने आत-बाहेर गळतो त्याच वेगाने तो पानात शोषला गेला पाहिजे. हे मला काही केल्या कळेना. शेवटी पेणच्या मिठागरांवरून कळलं. उघाडीतून भरतीचं पाणी आत घ्यायचं, पण जेवढं ऊन ओढून नेतं तेवढंच. जास्त घेतलं तर खारं पाणी पातळ होतं, कमी घेतलं तर कोंडीत काही उरतच नाही. वेग जुळले तरच मीठ भरपूर.

याची किंमतही मोजावी लागते. ग्राफीनचं मोठेपण हे की ते सगळे रंग सारखेच शोषतं. पण थरांमध्ये कोंडलं की ते एकाच ठरावीक रंगापुरतं उपयोगी राहतं. म्हणून नियंत्रण लागतं. ग्राफीनला व्होल्टेज देऊन त्यात इलेक्ट्रॉन भरले की खालच्या जागा अडतात. प्रकाशकणाच्या निम्म्या ऊर्जेपर्यंतच्या जागा भरल्या की शोषण थांबतं आणि पान पारदर्शक होतं. २००८ मध्ये हे मोजून दाखवलं गेलं आणि २०११ मध्ये बर्कलेत यावरच चालणारा मॉड्युलेटर बनला. नागेंद्र नाथ आणि रामन यांनी ध्वनीने जो स्विच केला होता, त्याचा हा व्होल्टेजवाला धाकटा भाऊ म्हणा ना.

रोह्याला एक दिवस आजीने जुन्या पितळी डब्यातून एक शिंपला काढून दिला. कुंडलिकेच्या पात्रातला, तळहाताएवढा. बाहेरून काळपट, आतून गुलाबी-हिरवा. लहानपणी तिला त्यातून औषध चाटवत असत म्हणे. मी तो खिडकीत धरून तिरका करत बसले, कोन बदलला की रंग सरकतो. मग पेणला परत आल्यावर गणपतीच्या कारखान्यात गेले, तिथे मुकुटावर मोत्यासारखी झाक असलेला रंग मारतात. या प्रकारच्या रंगांत अभ्रकाच्या बारीक कपच्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर असतो. थर जाड-पातळ केला की झाक बदलते. इतकी वर्षं मी ते मुकुट बघत होते!

रामन यांनी निवृत्तीनंतर, १९४८ मध्ये, बंगलोरमध्येच स्वतःची संस्था उभी केली, रामन रिसर्च इन्स्टिट्यूट. जमीन मैसूरच्या महाराजांनी दिलेली. सरकारी पैशाबरोबर येणाऱ्या अटी आणि अहवाल त्यांना नको होते, त्यामुळे देणग्या मागत फिरले. तिथे त्यांनी हिरे, ओपल, शिंपले, फुलपाखरं, पिसं यांचा संग्रह मांडला. १९५४ मध्ये भारतरत्न मिळालं. उतारवयात माणसाला रंग कसे दिसतात यावर काम करत राहिले; बागेतल्या फुलांचे रंग स्पेक्ट्रोस्कोपने तपासत. शाळेची मुलं आली की संग्रह स्वतः दाखवत. १९७० च्या शरद ऋतूत प्रकृती ढासळली, हॉस्पिटलमधून घरी न्यायला सांगितलं. २१ नोव्हेंबर १९७० रोजी पहाटे ते गेले. दहन संस्थेच्याच बागेत झालं, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे समाधी न बांधता तिथे झाड लावलं.

सेमिनारची दुसरी फेरी जानेवारीत झाली. पहिली स्लाइड लावायच्या आधी मी आजीचा शिंपला सरांच्या हातात दिला. सरांनी तो ट्यूबलाइटखाली दोन-तीनदा फिरवला, मग शेजारच्या मॅडमना दिला, आणि मी बोलत असताना तो पहिल्या बाकावरून मागच्या बाकापर्यंत फिरत गेला. परत आला तेव्हा कडेचा एक टवका उडाला होता. भिंगाखाली ठेवला तर उडालेल्या जागी पापुद्रे एकावर एक मोजता येतील इतके स्वच्छ दिसत होते. आजीला अजून सांगितलेलं नाही.